माळ्यावरची शिंक

निपाणी. नववी ब, शेवटच्या आधीचा तास.
मी फळ्यावर एक डोंगर काढला.
डाव्या पायथ्याशी 'प्रारंभ', चढावर 'गुंतागुंत',
शेंड्यावर 'उत्कर्षबिंदू',
उजव्या उतारावर 'उकल' लिहिताना खडू मोडला.

नाटक युद्धातलं. परमुलखातलं शहर,
घड्याळजीच्या दुकानावरचा माळा,
त्यावर सात ज्यू माणसं, सतरा महिने.
दिवसा चालायचं नाही, नळ सोडायचा नाही,
खाली गिऱ्हाईक असेतो खोकायचंही नाही.
पोरांनी बाकं जोडून माळा केला.
तौफिक मकानदार शिपाई झाला, वडिलांचे गमबूट घालून,
आणि असा काही चालला
की शेजारच्या वर्गातून नकाते सर डोकावून गेले.

"आता सांगा, शेंडा कुठला?"

भरमा म्हणाला, जिन्यावर बूट वाजतात तो.
पद्मश्री चौगुले म्हणाली, न्हाई बाई,
पाववाला विचारतो ना,
एकट्या माणसाला रोज चार पाव कशाला,
तिथंच माझ्या पोटात गोळा आला.
तौफिक म्हणाला, मी दार ढकलतो तो.
स्वतःच्या प्रवेशाशिवाय त्याला नाटक दिसत नव्हतं.

मागून कस्तुरी नेजकर उठली.
वर्षभरात तिनं दोनदा हात वर केलेला,
दोन्ही वेळा पाणी प्यायला जाऊ का म्हणून.
"बाई, ती धाकटी शिंक दाबती, तो."

नाटकात ती अर्धी ओळ आहे, कंसातली:
लिआ नाक दाबून धरते.
मी वाचताना ती गाळली होती.

"नाक धरून भागत न्हाई बाई, कानात आवाज हुतो.
जीभ टाळूला लावायची, गच्च.
माझी आई वखारीत तंबाखू निवडायला जायची,
घरात कोण नव्हतं, मला संगं न्यायची.
तपासणीला साहेब आला की बायका मला
बोदांच्या मागं बसवायच्या.
सगळीकडं भुकटी, अन् शिंकायचं न्हाई.
चार वर्षांची हुते. एकदा मुतले,
पण शिंकले न्हाई."

वर्ग हसला. मग ते हसू कुठंतरी अडकलं.

"पण ते आन् हे एक न्हवं," ती म्हणाली.
"मी घावले असते तर आईचा रोजगार बुडाला असता.
त्यांचं तर..."
आणि खाली बसली.

मी डोंगराकडं पाहिलं.
वीस वर्षं हाच काढत आले,
दोन तिरक्या रेघा, वर टोक.
परीक्षेत पाच गुणांना येतो.
सतरा महिन्यांचा सपाट माळा
यात कुठं मांडायचा, मला सांगता येईना.

"आन् उकल, बाई?"
नाटक दारावरच्या थापेशी संपतं. पडदा.
शेवटच्या पानावर बारीक टायपात एक वाक्य,
सातांपैकी एकजण परतला.
कोण, ते लिहिलेलं नाही.
"लिआ आली असंल," भरमा म्हणाला.
कुणी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.
तौफिकनं गमबूट काढले
आणि आवाज न करता बाकाखाली सरकवले.

घंटा झाली. पुढचा तास कन्नडचा.
हुक्केरी सरांनी डस्टर उचललं, फळा पाहिला,
पोरांचे चेहरे पाहिले, डस्टर परत ठेवलं.
"इरली," म्हणाले, "असू दे तो डोंगर,"
आणि उरलेल्या जागेत, पायथ्याच्या खाली,
गोलगोल अक्षरांत त्यांचा धडा लिहू लागले.

मी व्हरांड्यात आले.
पलीकडच्या वखारीतून वारा सुटला होता,
नाकात काहीतरी हुळहुळलं.
जीभ टाळूला लावली. गच्च.

जमलं नाही.
सगळ्या शाळेला ऐकू गेलं.